अंदाजे

माणसाने खुशाल जन्माला यावे, पण आपण नेमके केव्हा जन्मलो हे सांगण्याच्या फंदात पडू नये, असे माझे अलीकडे प्रांजळ मत झाले आहे.

या मताला कारण घडले ते आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाची एक वही. नाशिकला गंगापूर रोडच्या अंगाला आमची कॉलनी आहे. संघाचे काम म्हणजे सकाळी फिरणे, संध्याकाळी बसणे आणि मधल्या वेळात एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करणे. कुणाच्या तरी डोक्यातून निघाले, की ज्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. कल्पना उत्तम होती. अडचण एवढीच, की पंचाहत्तर पूर्ण झाली कुणाला? मी बँकेत सदतीस वर्षे काढलेली. तेव्हा आकड्यांचे लोढणे माझ्या गळ्यात पडले, हे ओघानेच आले. मी दोनशे पानी वही आणली, 'नाव', 'जन्मतारीख' आणि 'लग्नाची तारीख' असे तीन रकाने पाडले आणि वही घरोघर फिरवली.

आठ दिवसांनी वही परत आली. (आपल्याकडे आठ दिवस म्हणजे सात दिवस, आणि पंधरा दिवस म्हणजे चौदा, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच.) वहीत अठ्ठावन्न नावे होती, आणि तारखा लिहिण्याच्या तऱ्हा बहुधा एकोणसाठ.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी '३/४/४८' असे मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते. त्यांच्या शेजाऱ्यांनी '१३/४/४९'. नऊ जणांनी नुसते साल लिहून पुढची जबाबदारी माझ्यावर सोपवली होती. एकाने 'जून १९५०' लिहून महिन्यापर्यंत मजल मारली होती. एका बाईंनी 'अक्षय्य तृतीया १९४७' असा मुहूर्तच दिला होता. एका वृद्ध शास्त्रीबुवांनी 'शके १८७१, फाल्गुन वद्य तृतीया' लिहिले होते, आणि त्यांच्या खालीच, नोकरीच्या निमित्ताने उत्तर प्रदेशातून नाशिकरोडला येऊन इथलेच झालेल्या एका गृहस्थांनी 'चैत्र वद्य तृतीया'. आता गंमत अशी, की दोघांची तिथी एकच. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपला जो फाल्गुन वद्य, तोच त्यांचा चैत्र वद्य. दोघे रोज सकाळी एका बाकावर बसतात, पण वाढदिवस एकाच दिवशी येतो हे त्यांच्या गावी नव्हते.

लग्नाच्या रकान्यात तर बहारच होती. एका काकूंनी लिहिले होते, 'एकोणसत्तरला दुतोंड्या मारुती बुडाला, त्या सालच्या माघात.' परगावच्या वाचकांसाठी सांगतो. गोदावरीच्या पात्रात दोन बाजूंना तोंडे असलेला हा मारुती उभा आहे, आणि पुराचे पाणी त्याच्या कुठपर्यंत चढले यावर नाशिककर पूर मोजतात. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी. इतरत्र नदीकाठी मोजपट्ट्या रंगवतात. आम्ही देवच उभा केला आहे. १९६९च्या महापुराचे साल काकूंच्या पिढीला आपल्या लग्नाच्या सालापेक्षा पक्के पाठ आहे. पण 'त्या सालचा माघ' म्हणजे इंग्रजी कॅलेंडरात १९७० उजाडलेले असणार, हे काकूंनी माझ्या हुशारीवर सोडून दिले होते.

ही वही घेऊन मी कपाळाला हात लावून बसलो असताना आमची नात पुण्याहून दोन दिवसांसाठी आली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती काय करते ते तिने मला चार वेळा समजावून सांगितले आहे आणि मी चारही वेळा मान डोलावली आहे. वही पाहून ती म्हणाली, "आबा, हे तर दोन ओळींचं काम आहे."

"अठ्ठावन्न ओळींचं आहे," मी म्हणालो.

"प्रोग्रॅमच्या दोन ओळी हो. पायथनमध्ये."

पायथन म्हणजे अजगर. तो सगळे गिळतो एवढे मला ठाऊक होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या भाषेत 'डेटयुटिल' नावाची एक तयार पेटी मिळते. तिच्यात तारीख कशीही टाका, आडवी, तिडवी, अर्धी, पाऊण. ती वाचून नीट एका साच्यात बसवून देते. वर आणखी अशी सवलत आहे, की तारखेच्या आजूबाजूला न समजणारे शब्द असले तर ते तिने बिनबोभाट सोडून द्यावेत. नातीने वहीतल्या ओळी रोमन लिपीत उतरवल्या, सवलत चालू केली, एक कळ दाबली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अठ्ठावन्न तारखांची देखणी यादी पडद्यावर उभी राहिली. एक अडखळणे नाही, एक शंका नाही. मी थक्क झालो. सदतीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनाने एवढ्या आत्मविश्वासाने काम केले नव्हते.

मग मी यादी वाचली.

मुख्याध्यापक ४ मार्च २०४८ रोजी जन्मणार होते. म्हणजे त्यांच्या सत्काराला अजून पाऊणशे वर्षे आणि वर वीसेक वर्षे अवकाश होता. त्यांचे शेजारी मात्र १३ एप्रिल २०४९ला. शास्त्रीबुवांचा जन्म १८७१ सालचा निघाला. शके, फाल्गुन, वद्य, तृतीया हे सगळे शब्द यंत्राने 'न समजणारे' म्हणून टाकून दिले आणि उरलेला आकडा इसवी सन म्हणून उचलला. हिशेबाने बुवा लोकमान्यांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान ठरत होते, आणि रोज सकाळी आमच्याबरोबर पाच फेऱ्या मारत होते. 'जून १९५०'वाले १४ जूनला जन्मले होते. अक्षय्य तृतीयेच्या बाई १४ ऑक्टोबरला, मारुतीवाल्या काकूंचे लग्न १४ ऑक्टोबरला, आणि नुसते साल लिहिणारे नऊच्या नऊ जण १४ ऑक्टोबरला.

"बाळ, या चौदा तारखेला असं काय घडलं होतं?"

ती कॅलेंडराकडे बघून ओशाळली. "आबा, आज चौदा ऑक्टोबर आहे."

उलगडा असा होता. यंत्राला जे सांगितलेले नसते, ते ते 'आज'मधून भरते. महिना नाही? आजचा घ्या. दिवस नाही? आजचा घ्या. दोन आकडी साल दिले, तर ते आजपासून पन्नास वर्षांच्या आतबाहेर कुठे बसते ते पाहते. त्याला ४८ म्हणजे २०४८ जवळचे वाटते, १९४८ दूरचे. तरण्या पोराला आजोबांचे साल दूर वाटावे, तसेच ते. आणि ३/४? ही पेटी अमेरिकी रीतीने आधी महिना वाचते, म्हणून मार्चची चार तारीख. मग १३/४? तेरावा महिना नसतो, तेव्हा तिथे ती मुकाट्याने आपली रीत बदलते आणि आधी दिवस वाचते. एकाच यादीत, एकाच्या खाली एक, दोन शेजाऱ्यांना दोन न्याय! आणि याचा कुठे उल्लेख नाही, शेरा नाही, साधा तांबड्या शाईचा ठिपका नाही. आधी दिवस वाचायला सांगण्याची सोय आहे म्हणे, पण ती आपण सांगायची. दुसऱ्या एका, पीएचपी नावाच्या भाषेत तर तिरपी रेघ असली की अमेरिकी आणि आडवी रेघ असली की युरोपी, असा नियमच आहे. म्हणजे माणसाचा वाढदिवस त्याच्या पेनाच्या कलावर अवलंबून!

नातीने आपल्या धंद्याची बाजू घेतली. १९८० साली, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला शिकत होते तेव्हा, जॉन पोस्टेल नावाच्या तज्ज्ञाने त्यांना एक शिस्त घालून दिली. तिचा मथितार्थ असा, की स्वतः बोलताना काटेकोर राहावे आणि दुसऱ्याचे ऐकताना उदार असावे. मला तर हे थेट कीर्तनातले वाटले. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीला आमच्याकडे हाच उपदेश करतात.

"पण उदारपणे ऐकणं वेगळं," मी म्हणालो, "आणि न ऐकताच 'समजलं, समजलं' म्हणणं वेगळं."

ती हसली आणि तिने मला जनुकांची गोष्ट सांगितली. शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांना 'मार्च १', 'सेप्ट २' अशी आखूड नावे दिली होती. हिशेबाच्या तक्त्यात ती टाइप केली की एक्सेल हा उदार प्रोग्रॅम लगेच 'समजलं, समजलं' म्हणून त्यांच्या तारखा करायचा. पहिली मार्च, दुसरी सप्टेंबर. छापून आलेल्या शास्त्रीय निबंधांच्या तक्त्यांतसुद्धा या तारखा शिरल्या. शेवटी २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने काय करावे? प्रोग्रॅम काही बदलता येत नव्हता, म्हणून जनुकांचीच नावे बदलली. मला याचे नवल वाटले नाही. कचेरीत नाव चुकीचे लिहिले गेले की दुरुस्ती करण्यापेक्षा तेच नाव लावणे सोपे जाते, हा अनुभव आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा आहे.

"मग दुसरा उपाय," नात म्हणाली, "कडक व्हायचं." १९८८ साली साऱ्या जगाने मिळून तारखेची एक प्रमाण तऱ्हा ठरवली आहे: आधी चार आकडी साल, मग महिना, मग दिवस. तिने यंत्राला सांगितले, याच तऱ्हेची तारीख आत घे, बाकीच्यांना दारातून परत पाठव. पुन्हा कळ दाबली. अठ्ठावन्न ओळींपैकी एकही ओळ आत गेली नाही. प्रत्येकीसमोर 'व्हॅल्यू एरर' असा शेरा. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "मूल्यात चूक."

आणि या दुसऱ्या खेळात मात्र मला हसू आले नाही. कारण हे कडक यंत्र माझ्या चांगले ओळखीचे होते. ते सदतीस वर्षे एका बँकेच्या काउंटरवर माझ्या खुर्चीत बसत होते.

माझा लौकिकच तसा होता. ३१ सप्टेंबरचे चेक मी चश्म्याच्या काठावरून ओळखत असे. एकदा एका देशभक्त मास्तरांनी '२८ भाद्र, शके १९०१' असा राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे चेक लिहून आणला. १९५७ सालापासून ही दिनदर्शिका सरकारमान्य आहे आणि तिच्या तारखेचा चेक बँकेला घ्यावाच लागतो, हे मला माहीत होते. मास्तरांना वाटले होते माहीत नसेल. मी कागदावर हिशेब मांडून १९ सप्टेंबर १९७९ असे उत्तर काढले आणि पैसे दिले. मास्तरांचा थोडा विरस झाला. त्यांनी भांडणाची तयारी करून आणली होती.

हा किस्सा मी लोकांना आवडीने सांगतो. दुसरा सांगत नाही.

१९८३-८४च्या सुमाराला एक म्हातारी काउंटरवर आली. तिची ठेवीची पावती घरात उंदरांनी खाल्ली होती. तेव्हा सगळे व्यवहार जाडजूड लेजरांत. तारीख कळल्याशिवाय नोंद सापडायची कशी? मी विचारले, "ठेव कधी ठेवली होती, बाई?"

"औंदा नाही, मागल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिशी."

"तारीख सांगा."

"तेच सांगत्ये ना. पोळा झाला, बैलाला निवद दाखवला, अन् दुसऱ्या दिशी बैल विकला. त्याचे पैसे ते."

मी म्हणालो, "असं चालत नाही. तारीख घेऊन या." माझ्या मागे रांग होती... म्हणजे तिच्या मागे. ती काही बोलली नाही. एस.टी.ने गावी गेली आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आली. गावच्या मास्तरांकडून तिने चिठोऱ्यावर तारीख लिहून आणली होती. मी लेजर काढले, पाच मिनिटांत नोंद सापडली. दुसरी पावती हातात घेताना ती एवढेच म्हणाली, "सायेब, पोळा तर समद्यांचा एकाच दिशी असतो."

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर तिथीवारासकट छापलेले कॅलेंडर टांगलेले होते. त्याच्यामागे, त्याच खिळ्याला, मागल्या वर्षीचे. मला फक्त वळून पाहायचे होते. ती तारीखच सांगत होती, तीही माझ्यापेक्षा पक्की. तिची भाषा मला येत नव्हती असेही नाही; पोळा काय मला ठाऊक नव्हता? फक्त खुर्चीत बसल्यावर मला ती भाषा येईनाशी होत असे. 'मूल्यात चूक' झाली होती खरी, पण ती कुणाच्या, हे यंत्र सांगत नाही.

तेव्हा आता असा पेच पडला. उदार राहावे तर मुख्याध्यापक अजून जन्मायचेत, आणि कडक राहावे तर म्हातारीला दोनदा एस.टी.चे तिकीट. माणसाने वागावे तरी कसे?

अशा वेळी नातीच्या पहिल्या यादीकडे मी पुन्हा पाहिले आणि मला एक गोष्ट दिसली. त्या यादीत माझी तारीख अगदी बिनचूक होती. १ जून १९५०. यंत्राने ती जशीच्या तशी वाचली होती. वहीत १ जूनवाले आणखी पाच जण होते, तेही सगळे बिनचूक. बाकीच्यांच्या तारखा खऱ्या होत्या आणि यंत्राने खोट्या करून टाकल्या. एवढ्या सगळ्यांत निर्धास्तपणे बरोबर वाचल्या गेलेल्या या सहा तारखा मुळातच खोट्या होत्या!

माझ्या वयाच्या, खेड्यात जन्मलेल्या मंडळींना याचे स्पष्टीकरण नको. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या एवढी आहे, की एखाद्या परदेशी संशोधकाला वाटावे, मराठी बायका मे महिना संपेपर्यंत दम धरतात. आणि पहिल्या तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोप समारंभांची अशी गर्दी उडते, की हार महाग होतात. मीही ३१ मे २०१०ला असाच एका हारानिशी घरी आलो.

आमचे गाव सिन्नर तालुक्यात. शाळेत घालायला मला वडील घेऊन गेले. मास्तरांनी जन्मतारीख विचारली. वडिलांनी आभाळाकडे पाहिले. मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का पाहिले, पोचला. म्हणजे सहा वर्षे पूर्ण. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा १ जूनला सहा पूर्ण. लिहा १ जून. माझ्या हाताच्या लांबीवरून माझा जन्म ठरला. पुढे त्याच तारखेवर मी मॅट्रिक झालो, बँकेत लागलो, विमा उतरवला, पत्रिका न बघता लग्न केले, आणि निवृत्त झालो.

त्या मास्तरांना नावे ठेवायची माझी छाती होत नाही. त्यांनी माझ्यासारखे 'तारीख घेऊन या' म्हटले असते, तर वडील मला घेऊन परतले असते ते कायमचे. शेळ्या राखायला तारीख लागत नाही. मास्तर उदार होते म्हणून मी आज तुम्हाला हे लिहितो आहे. यंत्राने नऊ जणांना 'आज' दिला, मास्तरांनी आम्हाला '१ जून' दिला, युक्ती एकच. पण मास्तरांना ठाऊक होते की हा अंदाज आहे. वडिलांना ठाऊक होते. वडिलांच्या मागे दाराशी उभ्या असलेल्या आईलाही ठाऊक होते. फक्त रजिस्टरला ठाऊक नव्हते. रजिस्टरात 'अंदाजे' या शब्दाला रकाना नव्हता. तिथून दाखला निघाला, दाखल्यावरून दुसरा दाखला, आणि प्रत्येक नकलेगणिक ती तारीख जास्त जास्त खरी होत गेली. खोटे असे फार थोडे लोक बोलतात. बहुतेक खोटे म्हणजे 'अंदाजे' हा शब्द गळून पडलेले खरे असते.

आईची तारीख वेगळी होती. ती सांगायची, "बाजरी खुडत होतो. दिवस कलला होता. कणसांची पाटी अर्धी भरली अन् मला कळ आली. ती पाटी मागून तुझ्या आत्यानं भरली." साल विचारले की म्हणायची, "सिंहस्थात तू रामकुंडावर हरवला होतास ना, तेव्हा तुझे पुढचे दोन दात पडलेले होते. पोलिसांना मी तेच सांगितलं होतं, बोळकं पोर आहे म्हणून." सिंहस्थ म्हणजे १९५६चा. दात पडतात साधारण सहाव्या वर्षी. म्हणजे माझी बाजरी १९४९ची की १९५०ची? दोन्ही बसतात.

आईच्या या तारखेत उजेड होता, पीक होते, अर्धी पाटी होती, आत्या होती. माझ्या दाखल्यावरच्या तारखेत एक आकडा, एक महिना आणि एक साल होते, आणि तिन्ही चुकीचे असण्याचा संभव होता. तरी मी चेष्टेने म्हणायचो, "आई, याला तारीख म्हणत नाहीत." ती हसायची. ती माऊली पुढे पुष्कळ वर्षे होती. त्या बाजरीला पाऊस कसा होता, दुष्काळ होता का, आत्याचे लग्न झाले होते का नव्हते, एवढे दोन प्रश्न मी विचारले असते तर साल निघाले असते. मी विचारले नाहीत. मला वाटले, मला तारीख आहे. आता विचारायचे कुणाला? यंत्राला दुरून विचारायची सोय नव्हती, म्हणून त्याने आज भरला. मला होती. आई स्वयंपाकघरात होती.

मी नातीला म्हणालो, "बाळ, कडक नको आणि उदारही नको. विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वही घेऊन बाहेर पडलो. विचारायला वेळ लागतो, ही गोष्ट खरी. कचेऱ्या विचारत नाहीत त्या काही दुष्टपणाने नव्हे, रांग असते. पण आम्हाला कसली रांग? मुख्याध्यापकांनी '३ एप्रिल' असे खणखणीत सांगून, वर नातीला 'साल नेहमी पूर्ण लिहावे' असा उपदेश केला. स्वतः का लिहिले नाही, हे विचारायचे धैर्य तिला झाले नाही. शास्त्रीबुवांनी आपला वाढदिवस उत्तरेकडच्या गृहस्थांच्याच तिथीला येतो हे ऐकून 'म्हणजे आम्ही गाववाले नसलो तरी तिथीवाले' असे जाहीर केले. नुसते साल लिहिणाऱ्या नऊ जणांपैकी सहा जणांच्या घरी थोरली बहीण, जुने पत्र, नाहीतर ट्रंकेतली पत्रिका निघाली. तिघांच्या घरी काहीच निघाले नाही. एक बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं," आणि दोन कप चहा केला.

गिरगावात जन्मलेले एक काका भेटले. त्यांनी '१९४४, पहाटे पाच' असे लिहिले होते. ते म्हणाले, "माझी पत्रिका करणाऱ्या जोशीबुवांनी पहिला प्रश्न काय केला असेल? हे पाच कुठले पाच? युद्धाचे की नेहमीचे?" १९४२ ते १९४५ या काळात सरकारने घड्याळे एक तास पुढे केली होती. शिवाय मुंबईची स्वतःची वेळ हिंदुस्थानच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे असायची. १९५५पर्यंत ती कुठे कुठे पाळत असत. आणि पंचांगाचा दिवस उगवतो सूर्याबरोबर, तेव्हा पहाटे पाचला वारसुद्धा आदल्या दिवसाचा. एका 'पहाटे पाच'मध्ये एवढी भानगड! माझा ज्योतिषावर विश्वास नाही. पण त्या जोशीबुवांवर बसला. भविष्य सांगण्याआधी त्यांनी प्रश्न विचारला होता.

घरी येऊन नातीने नवा तक्ता केला. पहिल्या रकान्यात प्रमाण तऱ्हेने तारीख. दुसऱ्यात माणसाने जसे सांगितले तसे, अक्षर न बदलता. तिसऱ्यात 'नक्की' की 'अंदाजे'. ती म्हणाली, "आबा, खरं म्हणजे त्या पेटीत टाकून दिलेले शब्द परत मागायची सोय आहे. मागितले की देते. मीच मागितले नव्हते." मी म्हणालो, "आपल्यालाही आहे."

सत्कार यथासांग झाला. मुख्याध्यापकांना शाल मिळाली, आणि जन्मायच्या आधी सत्कार झालेले ते पहिलेच गृहस्थ, असे मी भाषणात म्हणालो. ते कुणाला कळले नाही. नात मात्र शेवटच्या खुर्चीवर एकटीच हसत होती.

यादीतली शेवटची ओळ माझी. त्या संध्याकाळी नातीने बोटे कळांवर ठेवून विचारले होते, "आबा, तुमचं काय लिहू?"

"१ जून १९५०," मी म्हणालो. पेन्शन त्याच तारखेवर आहे. "पण तिसऱ्या रकान्यात 'अंदाजे'."

"आणि दुसऱ्या?"

"लिही," मी म्हणालो, "बाजरी खुडत होते. दिवस कलला होता. पाटी अर्धी भरली होती."

तिने लिहिले. मग थोडे थांबून म्हणाली, "आबा, त्या आत्याचं नाव काय होतं?"

तिने विचारले म्हणून सांगतो, मला फार बरे वाटले.